चिठ्ठी नसलेला ब्रश

६ फेब्रुवारी २०२५, गुरुवार

आज चौदावा दिवस. पाहुणे काल तेराव्याचं जेवून गेले. मुलगा हर्षल सकाळच्या गाडीने पुण्याला गेला. ही वही त्याच्या कॉलेजची, निम्मी कोरी होती. नगरला जिल्हा परिषदेत आवक-जावक टेबलावर एकोणतीस वर्षं काढली, त्यामुळे तारीख घालून लिहायची सवय आहे. बाकी लिहिण्याची नाही.

दहाच्या सुमारास कल्याण आला. भिंगारला त्याचं जुन्या वस्तूंचं दुकान आहे. वयाने हर्षलपेक्षा थोडा मोठा. चपला दाराबाहेर नीट जोडीने ठेवल्या, ह्यांच्या फोटोला हात जोडले, चहा घेतला. मग म्हणाला, "काकू, राग मानू नका. अण्णांचं दाढीचं सामान द्याल का मला? ब्रश, वस्तरा, जे असेल ते. विकणार नाही."

मी म्हटलं, "आजच का आलास?"

तो जरा ओशाळला. "अण्णांनीच शिकवलंय. पेपरात निधनाची बातमी बघायची आणि चौदाव्या दिवशी जायचं. तेराव्याला गेलं तर लोक अंगावर येतात. महिन्याने गेलं तर बोहारीण येऊन गेलेली असते. गेलेल्या माणसाचा शर्ट एखादा भाऊ घालतो. दाढीचं सामान कोणी वापरत नाही घरात."

ह्यांचं दुकान म्हणजे जुने वस्तरे, ब्रश, साबणाच्या वाट्या, लष्करी साहेबांचे पाइप, असलं सगळं. माल येतो कुठून हे मला ढोबळ माहीत होतं. चौदाव्या दिवसाचं माहीत नव्हतं.

मी म्हटलं, "ह्यांचं सामान दुकानात असेल. हे दाढी तिकडेच करायचे."

"त्यातलं कुठलं, काकू?"

मला सांगता आलं नाही. लग्नाला बत्तीस वर्षं झाली. सकाळी हे खुरट्या दाढीने घरातून जायचे आणि रात्री जेवायला गुळगुळीत होऊन यायचे. लग्नानंतर लवकरच तशी पद्धत पडली होती. त्यानंतर मी त्यांना दाढी करताना पाहिलेलं नाही.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

दुकान उघडलं. सावेडीहून रिक्षाने माळीवाड्यापर्यंत, पुढे चालत. मागच्या भिंतीवर आरसा आहे, ह्यांच्या उंचीला मारलेला. मला त्यात फक्त माझा भांग दिसतो.

ब्रश मोजले. चौसष्ट. सगळे ओळीने, स्वच्छ. तेव्हा काय झालंय ते लक्षात आलं.

दहावा झाल्यावर नणंदबाईंनी, छबूबाईंनी, सगळं घर धुवून घेतलं. मग म्हणाल्या, "दुकान काय सुतकाबाहेर आहे का? आणि माल तरी कसला, सगळा मेलेल्यांचा. चल, तेही उरकू." आम्ही दोघी दोन बादल्या घेऊन आलो. गरम पाण्यात सोडा टाकून सगळं भिजत घातलं. प्रत्येक वस्तूला दोऱ्याने एक चिठ्ठी होती, त्यांच्या पेनाने लिहिलेली. मला वाटलं किमती असतील. पाणी निळं झालं तसं छबूबाई म्हणाल्या, "बघ, किती मळ होता." बाहेर गटारात ओतून दिलं.

समोर सहादेवची चहाची टपरी आहे. त्याला विचारलं, चिठ्ठ्यांवर काय असायचं.

"नाव असायचं की वहिनी. ज्याची वस्तू त्याचं नाव अन् गाव. किंमत अण्णा तोंडीच सांगायचे, गिऱ्हाईक बघून."

म्हणजे ज्याला चिठ्ठी नव्हती तो ह्यांचा. आता कशालाच चिठ्ठी नाही.

९ फेब्रुवारी, रविवार

हर्षलचा फोन. कल्याण सगळा माल एकरकमी घ्यायला तयार आहे, दहा मार्चला टेम्पो आणेल. गाळा सोडून द्यायचा. "आई, तू तिथे बसून काय करणार आहेस?"

मी म्हटलं, चालेल, पण दहा मार्चपर्यंत मला कुणी घाई करायची नाही.

त्याआधी ह्यांचा ब्रश शोधून काढायचा. एवढं एकच काम आहे. नाहीतर तो चौसष्टांत जाईल आणि कुणीतरी हौस म्हणून विकत घेईल.

१२ फेब्रुवारी, बुधवार

स्वतःला काही कळत नसेल तर कळणाऱ्याकडे जावं. रविवारी दुपारीच जुन्या बाजारात गेले होते. एक म्हातारा पोत्यावर वस्तरे मांडून बसला होता. मी प्रत्येक ब्रश उचलून बघत होते. तो म्हणाला, "बाई, भाजी हाय का ती, दाबून बघायला?" आणखी दोन दुकानं पाहिली. त्यातल्या एकाने मला नवं पॉलिश मारलेला पाइप शंभर वर्षांचा म्हणून दाखवला. पाइपच्या मागे किमतीचं स्टिकर तसंच होतं.

आज भिंगारला कल्याणकडे गेले. त्याने नीट शिकवलं. ब्रशचे केस रोज एकाच हाताने एकाच बाजूला फिरवल्याने वाकतात. उजव्या हाताचा माणूस वेगळा, डावखुरा वेगळा. पाइपच्या दांडीवर दात उमटतात. त्याने एक दांडी उन्हाकडे धरून दाखवली. "हे बघा, ह्या साहेबाची डावी दाढ नव्हती."

मी ती दांडी हातात घेतली आणि लगेच खाली ठेवली.

"अण्णा डावखुरे होते," तो म्हणाला.

मला हे माहीत होतं. जेवताना उजवा हात, पण स्क्रू पिळताना, कंदील लावताना डावा. एवढं तरी माहीत होतं.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

सहादेव म्हणतो, पेपर वाचताना हे पाइप तोंडात धरायचे. मला तंबाखूचा वास कधी आला नाही. दुकानात अकरा पाइप आहेत. सगळे उन्हात नेऊन पाहिले. ह्यांच्या पुढच्या दाताचा कोपरा उडालेला होता. अकराही दांड्यांवर दात आहेत. कुणाचे खोल, कुणाचे नुसते घासलेले. अकरा माणसं दात दाखवून माझ्याकडे बघतायत असं वाटलं. परत लाकडी स्टँडवर लावले आणि तोंडं भिंतीकडे केली.

१६ फेब्रुवारी, रविवार

सापडला.

तीन दिवस ब्रश बघते आहे. खिडकीपाशी एकेक धरायचा, भिंगातून केस बघायचे. चौसष्टांत डाव्या हाताचा एकच निघाला. दांडा पांढरा होता, आता पिवळट झालाय. हातात चांगला बसतो. बुडाला डागल्यासारखी काळी खूण आहे. पाइपची राख पडली असणार. सगळं जुळतं.

घरी आणला. कपाटात त्यांच्या स्वेटरवर ठेवला. कल्याणला सांगितलं नाही. आज जेवण गेलं.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

दुपारी एक म्हातारी आली, नातीबरोबर. नात इथे नगरला शिकते. म्हातारीचं नाव रतनबाई, जामखेडकडची. नवरा लष्करात हवालदार होता, दीड वर्षापूर्वी गेला.

"माझ्या पोरानं इकला ब्रश, मला न इचारता," रतनबाई म्हणाल्या. "चौदाव्या दिशी एक मानूस आलता. लई गोड बोलायचा. चपला काडल्या, फोटूच्या पाया पडला. मी आत चुलीपाशी हुते. बाहेर येऊस्तवर गेलं बी समदं."

नात म्हणाली, "आजी, हळू. यांचेच मिस्टर होते ते."

रतनबाई माझ्याकडे बघून म्हणाल्या, "व्हय का? गेले? मंग तुमच्याकडं कोन आलं चौदाव्या दिशी?"

मी म्हटलं, "त्यांचा शिष्य."

त्या हसल्या. मलाही थोडं हसू आलं. मग त्यांनी ब्रश बघायला सुरुवात केली. एकेक उचलायच्या, उलटा करायच्या, ठेवायच्या. सगळे बघून झाले. "ह्यात न्हाई. इकला असंल."

मी विचारलं, "कसा होता?"

"सायबानं दिल्ता बक्षीस. पांढरा दांडा. आमचे डावरे हुते, त्यामुळं त्याचं त्वांड एका अंगाला गेलतं."

मी म्हटलं, "एवढेच आहेत."

नातीने फोन नंबर लिहून दिला, सापडला तर कळवा म्हणाली. रतनबाई पायरी उतरताना म्हणाल्या, "जाऊ द्या. तुमी तरी काय करनार."

पांढरे दांडे शेकड्याने असतात. डावखुरी माणसंही शेकड्याने असतात. शिवाय त्या दीड वर्षापूर्वीचं सांगतात, तो ब्रश कधीच विकला गेला असेल. मी खोटं बोलले असं नाही. दुकानात तेवढेच होते.

२२ फेब्रुवारी, शनिवार

कपाट उघडलं नाही.

२५ फेब्रुवारी, मंगळवार

मी असल्या गोष्टी मानत नाही, म्हणून झालं तसं लिहिते.

सकाळी साडेदहाला दुकान उघडलं. मागच्या फळीवर साबणाची वाटी असते. तिच्यातला साबण ओला होता. वाटीच्या काठाला फेस सुकत आला होता. आरशावर वरच्या बाजूला, मला हात पोचत नाही तिथे, फेसाचा एक ठिपका होता. काल संध्याकाळी कुलूप मी लावलं, आज मी काढलं. बाकी काही हललं नव्हतं. एक ब्रश ओला होता, काळ्या दांड्याचा, उजव्या हाताचा.

भीती वाटली असं म्हणता येणार नाही. पाहुणे आले आणि आपण घरी नव्हतो असं वाटलं.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

काल निघताना फळीवर तांब्याभर पाणी ठेवलं. का ठेवलं ते विचारू नये. ह्यांना पाणी कुठून मिळत असेल असं मनात आलं, गाळ्यात नळ नाही.

आज सकाळी तांब्या अर्धा रिकामा होता. टॉवेल खुंटीवर ओला. आज हस्तिदंती दांड्याचा ब्रश ओला होता. काळा कोरडा होता.

मी जरा नाराज झाले. ह्यांचा ब्रश घरी कपाटात आहे, मग हे दुसऱ्यांचे का वापरतायत? मग विचार केला, उद्या तो इथे आणून ठेवावा.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार

ब्रश आणून वाटीशेजारी उभा ठेवला. नवीन टॉवेल ठेवला. पाणी घरून थर्मासमध्ये आणलं, गरम राहील म्हणून. कुलूप लावताना दारातून म्हटलं, तुमचाच आहे, घ्या. रस्त्यावर कुणी नव्हतं असं वाटतं.

१ मार्च, शनिवार

सकाळी सातलाच गेले. साडेदहापर्यंत घरी थांबवेना. कुलूप निघालेलं होतं, दार लोटलेलं. आत साबण फेसवल्याचा आवाज येत होता. तो आवाज मी बत्तीस वर्षांत ऐकला नव्हता, पण कशाचा ते कळलं. दार ढकललं.

सहादेव पत्र्याच्या ट्रंकेवर उभा राहून आरशात बघत होता. तोंडभर फेस. मला बघून तो ट्रंकेवरून पडता पडता वाचला.

"आयला! वहिनी!"

त्याने फेस तसाच ठेवून हात जोडले. "माझ्याकडं किल्ली हाय, अण्णांनी दिल्ती. आमी दोघं संगंच करायचो दाढी, रोज, धा वर्सं झाली. मी ट्रंकेवर, ते मागं उभे. अण्णा गेल्यावर घरी करून बघितली, जमंना. कापलं बघा, हितं." मग हळूच म्हणाला, "पानी तुमी ठेवत हुता व्हय? मला वाटलं, अण्णाच ठेवत्यात. आज तर गरम! मी मनात म्हनलं, मेल्यावर बी अण्णा लई करत्यात माझं."

मी विचारलं, "पांढरा ब्रश का नाही घेतला?"

"त्याचा नंबर न्हाई अजून."

"नंबर?"

"ह्या टोकापास्नं त्या टोकापर्यंत. रोज एक. अण्णांचा नेम. वापरला न्हाई तर केस झडत्यात, म्हनायचे, वस्तू मरती. एक दिवस देशमुख साहेबाचा, एक दिवस मास्तरचा. चिठ्ठी वाचायचे आधी, मंग फेस लावायचे. पाइप बी तसंच. पेटवला कधीच न्हाई. नुसता त्वांडात."

"आणि त्यांचा स्वतःचा?"

सहादेवने ओळीतल्या ब्रशांवरून नजर फिरवली. फेस सुकून हनुवटीवर भेगा पडल्या होत्या. "स्वतःचा काय बघितला न्हाई बा मी."

मी त्याला म्हटलं, दाढी पुरी करून घे, आणि बाहेर जाऊन त्याच्या टपरीच्या बाकावर बसले.

३ मार्च, सोमवार

दोन दिवस एकच विचार. बत्तीस वर्षं हे रोज एका गेलेल्या माणसाचं नाव वाचून त्याच्या ब्रशने गालाला फेस लावत होते, आणि रात्री माझ्यासमोर आमटी-भात जेवत होते. मी विचारायची, मीठ बरोबर आहे का. ते म्हणायचे, आहे.

दुसरी गोष्ट साधी आहे. रोज वेगळा ब्रश वापरणाऱ्या माणसाच्या हाताने एकच ब्रश वाकत नाही. पाइप कधी पेटला नाही, म्हणजे राखेचा डागही नाही. पांढरा ब्रश ह्यांचा नाही. तो कुणाचा आहे ते मला एकवीस तारखेपासून माहीत आहे.

नातीला फोन केला.

५ मार्च, बुधवार

सकाळच्या जामखेडच्या बसने गेले. नातीने सांगितल्याप्रमाणे आधीच्या फाट्यावर उतरून वस्तीपर्यंत चालले. रतनबाई ओट्यावर शेंगा फोडत होत्या. मी पिशवीतून ब्रश काढून पुढे केला. म्हटलं, "हा माझ्या घरी कपाटात होता. तुम्ही आलात त्या दिवशीही होता."

त्यांनी ब्रश घेतला, उलटा केला, बूड बघितलं. "ही बघा. शेगडीवर ठिवला हुता मी, येंधळ्यावानी. काय बोलले हुते मला!" असं म्हणून बुडावर अंगठा फिरवत राहिल्या. मी कपाटात का ठेवला ते त्यांनी विचारलं नाही. उठून रांजणातलं पाणी घेतलं, ब्रश भिजवला आणि झटकला.

"त्यांचा हात गेल्यावर शेवटची दोन वर्सं मीच करत हुते दाढी," त्या म्हणाल्या. "पयल्यांदा नाक कापलं. म्हनले, शत्रूनं कापलं न्हाई ते तू कापलं." हसता हसता त्यांनी डोळ्याला पदर लावला. मग विचारलं, "तुमच्या मालकांची कोन करायचं?"

"ते स्वतःच. दुकानात."

"दुकानात? घरी काय झालतं?"

हे मी वहीतही आजवर लिहिलं नव्हतं. लग्नाला दोन महिने झाले असतील. मोरीत एक जुना ब्रश दिसला, ह्यांनी कुणाच्या तरी घरून आणलेला. मी म्हटलं, मेलेल्यांचे ब्रश माझ्या मोरीत नकोत. एवढंच वाक्य. आवाज चढवला नव्हता. हे काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवसापासून दाढी दुकानात. मला वाटलं, राग आठ दिवसांत जाईल. मग वाटलं, विचारायला आता उशीर झाला. मग ती पद्धतच पडली.

रतनबाईंना सगळं सांगितलं. आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. त्या शेंगा फोडत ऐकत होत्या.

म्हणाल्या, "मंग एक नवा आनून द्यायचा हुता की तुमी."

मी समोरची एक शेंग उचलून फोडली.

"बाजारात मिळतोय. कुटं बी मिळतोय," त्या म्हणाल्या, आणि आत जाऊन माझ्यासाठी भाकरी टाकली.

परत येताना फाट्यावर बस थांबेना, म्हणून जीपने जामखेडला गेले. स्टँडवर नगरची गाडी लागायला वेळ होता. समोर एक कटलरीची हातगाडी होती. कंगवे, पिना, बांगड्या, आणि वर दोरीला प्लास्टिकच्या पिशवीत दाढीचे ब्रश टांगलेले, लाल दांड्यांचे. मी एक मागितला.

गाडीवाला काढून देताना म्हणाला, "मऊ हाय, टोचनार न्हाई. मालकांसाठी का?"

मी हो म्हटलं.